एरंडेलानं आतड्याची गाठ सुटत नाही

निपाणीच्या आत्तीची गर्भपिशवी काढून दीड महिना झाला. रविवारी भेटायला गेलो, तर उशाशी एरंडेलाची बाटली. फोन पुढं करून म्हणाली, "आरं, डॉक्टरनीच लिवलंय बघ की."

मजकूर असा: ऑपरेशननंतर शरीरातलं हायलुरोनन (पेशींच्या मधलं बुळबुळीत द्रव्य) संपतं, म्हणून आतडी चिकटतात. त्याच्या गोळ्या घेतल्या की जुनी चिकटलेलीही सुटतात. चाळीस दिवस अंथरूण सोडू नये. पोट फुगून उलट्या झाल्या तर दोन चमचे एरंडेल द्यावं, 'दवाखान्यात न्याल तर पुन्हा कापतील'. हेच कन्नडमध्येही फिरतंय. बेळगावात माझं औषधाचं दुकान आहे. या आठवड्यात तिघांनी फोन दाखवून गोळ्या मागितल्या.

आधी एरंडेल, कारण बाकीच्यानं पैसे जातील, यानं माणूस जाईल. चिकटलेल्या पट्ट्याखाली आतडं अडकलं किंवा पिळलं की वाट बंद. पोट नगाऱ्यासारखं, वारा सरत नाही, हिरवी उलटी. एरंडेल आतड्याला जोरानं आवळायला लावतं; म्हणजे कारखान्याचं फाटक बंद आणि मागून उसाचे ट्रॅक्टर रेटणं चालूच. रक्तपुरवठा तुटला तर तेवढं आतडं काही तासांत मरतं. आणि दवाखान्यात नेलं की कापतातच, असंही नाही. खाणंपिणं बंद, नाकातून नळी, सलाईन, एवढ्यावर बऱ्याच जणांचं सुटतं. कुणाचं सुटेल नि कुणाचं नाही, हे सर्जननं पोट तपासून ठरवायचं. रात्रीचे दोन वाजलेले असोत, कोल्हापूर गाठा नाहीतर बेळगाव.

आता 'संपतं'. मोठ्या माणसाच्या अंगात हायलुरोनन साधारण 15 ग्रॅम. त्यातला तिसरा हिस्सा रोज मोडतो, रोज नवा बनतो. जखम झाली की ते उलट वाढतं. आतडी चिकटायला सुरुवात होते फायब्रिननं, म्हणजे रक्त गोठताना जे धागे बनतात त्यांनी. पोटाच्या आतलं नाजूक अस्तर दुखावलं की तिथं हे चिकट जाळं धरतं. शरीरानं ते काही दिवसांत विरघळवलं तर ठीक, नाहीतर त्यात कोलॅजनचे चिवट धागे भरून पक्का पट्टा होतो. गोळीत शे-दोनशे मिलीग्रॅम, तेही पचनात तुटणारं. ते पट्टा काय सोडवणार, कपाळ!

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. हायलुरोनन आणि सेल्युलोजची पातळ फिल्म काही सर्जन पोट शिवण्याआधी आत ठेवतात. 1996 साली बेकर आणि सहकाऱ्यांनी 183 रुग्णांवरचा अभ्यास छापला. पुढच्या ऑपरेशनवेळी दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा फिल्म ठेवलेल्यांपैकी 51 टक्क्यांच्या टाक्यांखाली काहीच चिकटलेलं नव्हतं. न ठेवलेल्यांत असे फक्त 6 टक्के. पण ती पोट उघडं असताना, थेट जागेवर ठेवलेली. तरी निम्म्यांचं चिकटलंच.

अंथरुणाचं म्हणाल, तर आत्तीला दुसऱ्याच दिवशी चालवलं होतं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

निघताना बाटली उचलली. तिच्या परसदाराची बिजागरी करकरत होती, तिथं दोन थेंब सोडले. आत्ती अजून रुसलीय.