गाडी बघायला गेलो आणि कुणाचं तरी घर बघून आलो

मागच्या महिन्यात एका संपूर्ण अनोळखी माणसाच्या घराचा पत्ता, त्याच्या आईचा नवा नंबर आणि त्याच्या दूधवाल्याचा नंबर असं सगळं मी साताऱ्यात एका पत्र्याच्या शेडखाली बसून वाचलं. मुद्दाम नव्हे. समोर आलं म्हणून वाचलं गेलं. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आमची वॅगन आर २०११ ची. यंदा पंधरा वर्षं पूर्ण, म्हणजे आरटीओत पुन्हा पासिंग, वर हरित कर. नव्या सुरक्षा नंबरप्लेटसाठी घातलेले हेलपाटे वेगळेच. म्हटलं, हे सगळं करण्यापेक्षा चार-पाच वर्षं वापरलेली, जरा मोठी गाडी बघावी. बायकोचा वापरलेल्या गाडीला ठाम विरोध. "दुसऱ्याची कटकट आपल्या दारात कशाला?" म्हणून तिला न सांगता, ऑफिसात हाफ डे टाकून, साताऱ्याला एका ऑटो कन्सल्टंटकडे निघालो. खेड शिवापूरचा टोल ओलांडून दोन मिनिटं झाली नाहीत तोच फोन. "तू खेड शिवापूरला काय करतोयस?"

फास्टॅग तिच्या खात्याला जोडलेला. मेसेज तिच्या मोबाइलवर. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला, म्हणजे तेव्हापासून मी कुठला टोलनाका कधी ओलांडला याची अख्खी वही तिच्याकडे आहे आणि मला याचा पत्ता नव्हता. कट्ट्यावर प्रायव्हसीवर भाषणं ठोकणारा मी, घरातच पकडला गेलो. "मित्राला सोडायला चाललोय" म्हणालो. तिनं "बरं" म्हटलं. तो 'बरं' ज्यांना कळतो त्यांना कळतो.

असो. गाडी छान होती. २०२१ ची, फर्स्ट ओनर, टॉप मॉडेल, मधोमध टीव्हीएवढी स्क्रीन. कन्सल्टंटकडचा पोरगा बॉनेट उघडून दाखवत होता तोवर मी आत बसून स्क्रीनशी खेळत होतो. नकाशावर घराचं चिन्ह होतं, त्यावर बोट ठेवलं. गाडीनं आज्ञाधारकपणे रस्ता आखून दिला, थेट बाणेरमधल्या एका सोसायटीपर्यंत, विंगसकट. मग फोनचं चिन्ह दाबलं. आधीच्या मालकाची सगळी फोनबुक आत. 'आई नवीन नंबर'. 'दूध'. 'गॅस भारत'. 'दात डॉक्टर'. शेवटच्या कॉलच्या यादीत एकाच नंबरवर ओळीनं सात-आठ कॉल: 'पप्पा आयसीयू सिस्टर'.

मी हात मागे घेतला. कुणाच्या तरी घरात चुकून शिरल्यावर वाटतं तसं वाटलं. त्या माणसानं गाडी का विकली असेल, पप्पांचं पुढं काय झालं असेल, हे प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. गाडी विकताना त्यानं डिकीतली छत्री काढली असेल, डॅशबोर्डवरचा गणपती काढला असेल, कप्प्यातली पावती अन् पावती तपासली असेल. स्क्रीनमध्ये आपली आई राहिली आहे हे त्याच्या डोक्यातही आलं नसेल. आपल्यापैकी कुणाच्या आलं असतं?

सेटिंगमध्ये जाऊन मीच सगळं पुसून टाकलं. दहा मिनिटं लागली, कारण तो पर्याय चार दारं उघडल्यावर पाचव्या खोलीत ठेवलेला असतो. पोरगा म्हणाला, "काय केलं साहेब? त्यातली गाणी पण उडाली की!" त्याला म्हटलं, पुढची गाडी आली की आधी हे करत जा. तो म्हणाला, "कशाला टेन्शन घेताय, कोण बघतंय?" अरे बाबा, मीच बघत होतो की आत्ता.

आणि हे निव्वळ गाडीच्या पोटात राहिलेलं. आता नव्या गाड्यांत आतच सिम असतं. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर गाडी कुठं उभी आहे, कुठल्या वेगानं गेली, ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली का, सगळं दिसतं. गाडी विकताना ते अ‍ॅप तोडलं नसेल तर जुना मालक घरी बसून नव्या मालकाची गाडी नकाशावर बघू शकतो. गाडी चोरीला गेली तर हे वरदान आहे, मान्य. पण ती माहिती तुमच्या फोनवर येण्याआधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि तिथं तिचं पुढं काय होतं हे आपण न वाचता 'मान्य' केलेल्या मजकुरात कुठंतरी असतं.

घरी येऊन रात्री त्या विषयात शिरलो. (मित्राला सोडायला गेलो होतो हे बायकोनं अजूनही मान्य केलेलं नाही.) २०२३ मध्ये मोझिला फाउंडेशननं, म्हणजे फायरफॉक्सवाल्यांनी, २५ कार ब्रँडची प्रायव्हसी धोरणं तपासली. पंचवीसच्या पंचवीस नापास. तोवर तपासलेल्या सगळ्या प्रकारच्या वस्तूंमध्ये गाड्या सर्वात वाईट, असं त्यांनी लिहिलं. एका कंपनीच्या अमेरिकेतल्या धोरणात तर गोळा होऊ शकणाऱ्या माहितीत चालकाच्या लैंगिक व्यवहाराचाही उल्लेख होता. सीटखाली नेमकं काय बसवलंय देव जाणे.

अमेरिकेत जनरल मोटर्सचं प्रकरण २०२४ मध्ये बाहेर आलं. त्यांच्या गाड्यांतून लोक किती जोरात ब्रेक मारतात, कितीचा वेग काढतात, रात्री गाडी चालवतात का, ही माहिती दलालांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोचत होती. लोकांचे हप्ते वाढले आणि का वाढले ते कळेना. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२५ च्या जानेवारीत कारवाई केली. विचार करा, हे आपल्याकडं आलं तर. पुण्यात जोरात ब्रेक न मारता गाडी चालवणारा माणूस मला दाखवाच. आडवा येणारा रिक्षावाला, उलट्या दिशेनं येणारी स्कूटर, डिव्हायडरवरची गाय, यांचा हप्ता मी भरायचा?

तिसरं उदाहरण जर्मनीचं, म्हणजे जिथं लोक खासगीपणाबद्दल भलतेच काटेकोर असतात तिथलं. २०२४ च्या डिसेंबरात उघडकीला आलं, की फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर धड कुलूप न लावता पडलेली होती. त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त गाड्या नेमक्या कुठं उभ्या होत्या हेही कळत होतं. कुणी चोरी केली नव्हती, दार उघडंच होतं. नशीब, आधी पोचली ती केऑस कम्प्युटर क्लब या तिथल्या हॅकर संघटनेची मंडळी, ज्यांनी कंपनीला कळवलं.

आता आपल्याकडं या. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. डेटा संरक्षणाचा कायदा झाला २०२३ मध्ये. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढं अठरा महिने. तोवर आपण बिलिंगच्या काउंटरवर नंबर सांगत राहायचं. २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना कळवलं होतं, की ग्राहकानं मोबाइल नंबर दिला नाही म्हणून त्याला अडवू नका. हे मी एका दुकानात बनियन घेताना सांगून पाहिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, सिस्टीम पुढं जात नाही." मग मी आमचा कधीच कापलेला लँडलाइन सांगितला, सुरुवातीचं शून्य काढलं की पुण्याचा नंबर बरोब्बर दहा आकडी होतो. सिस्टीमनं तोही नाकारला. दोनपासून मोबाइल सुरू होत नाही हे तिला ठाऊक आहे. दोन बनियनसाठी एवढी हुशारी.

साताऱ्याची गाडी सोडली. (बॉनेटखाली गंजही होता, फक्त प्रायव्हसीसाठी सोडली म्हणालो तर खोटं होईल.) पुढच्या रविवारी बायकोला रीतसर घेऊन नवीन गाडी बघायला शोरूममध्ये गेलो. दारातच, "सर, आधी नंबर सांगता का?" गाडी नंतर, माणूस नंतर, नंबर आधी. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं माझा नंबर सांगून टाकला. संध्याकाळपर्यंत मला तीन बँकांनी गाडीचं कर्ज देऊ केलं.

टेस्ट ड्राइव्हला बाहेर पडलो आणि कात्रजच्या चढाला पाऊस सुरू झाला. दोन मिनिटांत समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. आमच्या वॅगन आरमध्ये एसीचे गोल नॉब आहेत. एक डावीकडं, एक उजवीकडं, अंधारातही हात बरोबर जातो, बोटांना पाठ आहे. या गाडीत पंख्याचा वेग स्क्रीनमध्ये, आणि हवा काचेवर सोडायची तर आणखी एका पानावर. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना. समोर डंपर. शेजारी बसलेला सेल्समन सांगतोय, "सर, व्हॉइस कमांड आहे, बोला ना." मी मराठीत जे बोललो ते गाडीला कळलं नाही हे बरं झालं. शेवटी बायकोनं पर्समधला रुमाल काढून काच पुसली.

हे माझं म्हातारपणाचं रडगाणं आहे असं आमचा पोरगा म्हणतो. त्याच्यासाठी खास: स्वीडनच्या 'वी बिलॅगारे' या मासिकानं २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि बटणांची एक २००५ ची व्हॉल्वो ताशी ११० च्या वेगानं चालवून पाहिली. हीटर लावणं, रेडिओ लावणं असली चार साधी कामं. जुन्या व्हॉल्वोत ती दहा सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात ढिम्म नव्या गाडीला जवळजवळ ४५ सेकंद लागले, म्हणजे १३७२ मीटर. सव्वा किलोमीटरहून जास्त, नजर स्क्रीनमध्ये! आता गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि संकटात मदत बोलावणारं एसओएस यांना खरीखुरी बटणं असतील तरच पूर्ण गुण, असं धरलंय. म्हणजे आधी बटणं काढून 'प्रीमियम' म्हणून जास्त पैसे घेतले, आता सुरक्षा म्हणून तीच परत लावणार, आणि पैसे पुन्हा आपलेच. फोनमधली हेडफोनची पिन आणि खोक्यातला चार्जर याच वाटेनं गेले, ते मात्र परत येतील असं वाटत नाही.

कुणी मला तंत्रज्ञानाचा शत्रू समजू नका. रिव्हर्स कॅमेरा ही थोर गोष्ट आहे, आमच्या सोसायटीच्या खांबाला विचारा. भाजीवाल्याला दहा रुपयेही मी यूपीआयनं देतो. नकाशाशिवाय मी पिंपरीत हरवतो, आणि तो नकाशावाला माझ्याबद्दल कुठल्याही कार कंपनीपेक्षा जास्त जाणतो हेही मला ठाऊक आहे. शिवाय हे सगळं मी फेसबुकवर लिहितोय, हा विनोद बायकोनं आधीच करून झालाय, तुम्ही कमेंटमध्ये करू नका.

पण खरा टोला तिनं शोरूममधून परत येताना मारला. मी गाडी चालवता चालवता सांगत होतो की आपली वॅगन आरच बरी, बिचारीला काही कळत नाही, कुणाला काही सांगत नाही. ती म्हणाली, "आणि एअरबॅग?" आमच्या मॉडेलमध्ये एकही नाही. जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएसही नाही. "तुझा डेटा सुखरूप राहील," म्हणाली, "मागच्या सीटवर पोरगा बसतो त्याचं काय?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. त्यामुळं नवीन गाडी घ्यायची हे ठरलंय. सहा एअरबॅग हव्यात. सिम नसलेलं, मधलं व्हेरियंट हवं. एसीला गोल नॉब हवेत, आवाजाला एक हवा, स्क्रीन असली तर असू दे. गंमत अशी की असं व्हेरियंट मागितलं की सेल्समन आपल्याला पैशाची अडचण आहे असं समजून हळू आवाजात बोलायला लागतो.

तर कुणाकडं अशी गाडी असेल, पावसाळ्यात घाटात चालवलेली असेल, तर मॉडेल आणि व्हेरियंट इथंच कमेंटमध्ये सांगा. फोन नंबर मागू नका. आणि कुणी जुनी गाडी विकणार असाल तर डिकी रिकामी कराल त्याच दिवशी स्क्रीनही पुसा, अ‍ॅपही तोडा. नव्या गाडीचा फास्टॅग कुणाच्या खात्याला जोडायचा, हा विषय घरात अजून निघालेला नाही. मी काढणारही नाही.