कुजका उंबरठा

जुनी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घ्यायला निघालेला माणूस आधी बोनेट उघडतो आणि तिथेच फसतो. आत १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन असतं. आपल्या अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं हे चुलत भावंड, आणि तितकंच चिवट. गाडी गरम झाल्यावर, ताशी ५० मैलांच्या वेगाला ऑइल प्रेशर चौरस इंचाला ५० पौंडांच्या वर राहत असेल, तर बोनेट लावून टाका आणि गुडघे टेका. सतरंजी न्या, इंग्लंडात जमीन बहुधा ओलीच असते.

१९६२ ते १९८० या काळातल्या या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. पत्रा हाच कणा. उघड्या टपाच्या मॉडेलात तर मधला बहुतेक भार दाराखालच्या सिलवर, म्हणजे उंबरठ्यावरच. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा, खाली कॅसल रेल नावाची लांब पट्टी, असा हा थराथरांचा उंबरठा आतून कुजत राहतो आणि वरून नव्या रंगात चकाकतो. उंबरठ्यावर बसू नये हे घरातल्या म्हाताऱ्यांचं सांगणं इथे अक्षरशः पाळावं.

खिशात लोहचुंबक हवा, मऊ फडक्यात गुंडाळलेला. सिलवर, चाकांच्या कमानींवर, पुढच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यात फिरवा. चिकटला तर पत्रा, घसरला तर पुट्टी. मग दाराची मागची फट बघा. वर चिमटलेली आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध खचली आहे. जॅक लावून उचलल्यावर दार अडकू लागलं, तर जॅक हळूच उतरवा आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू करा.

'सिल नव्या बसवल्या आहेत' या वाक्याला मी सर्वात जास्त घाबरतो. बाहेरचा सिल दोन्ही टोकांना मडगार्डांच्या आत शिरतो. तो नीट बदलायचा तर मडगार्डांचा खालचा भाग कापावाच लागतो. तसा जोड कुठेच दिसत नसेल, तर कुजक्या पत्र्यावर नवी पट्टी थापली आहे, शेणाने भिंत सारवावी तशी. काम करायचंच, तर दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करून आधार द्या, एका वेळी एकच बाजू कापा, आणि शेवटचं वेल्डिंग करण्याआधी दार बसवून फट तपासा. दोन्ही बाजू एकदम कापल्या की गाडीची होडी होते. (१९८८ पासून संपूर्ण नवा सांगाडाही मिळतो. किंमत विचारताना बसून विचारा.)

सरकारवर विसंबू नका. चाळिशी ओलांडलेल्या आणि फारशा न बदललेल्या गाडीला ब्रिटनमध्ये २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तुमचा चुंबक हाच इन्स्पेक्टर.

तारांची चाकं असतील तर जॅकवर चढवून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि चाक मागे-पुढे हलवा. खट्ट वाजलं तर स्प्लाइन, म्हणजे चाकाला हबवर (चाक बसतं त्या मधल्या गाभ्यावर) पकडणारे दाते, झिजले. चाकं एकटी बदलून भागत नाही, हबही बदला.

विजेच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी गंजलेलं अर्थिंग असतं. १९६७ पर्यंतच्या गाड्यांना अर्थ धन टोकाला, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं, तेव्हा बॅटरी जोडताना सवयीवर जाऊ नका. १९७४ पर्यंत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्याही सीटमागे गालिच्याखाली दडवलेल्या. त्यांच्या पेट्यांचा तळ शाबूत आहे का, हे गाडीखालून बघा.

शेवटी किल्ली फिरवा, पण स्टार्टर मारू नका. मागून पेट्रोल पंपाची टिकटिक यावी आणि कार्बोरेटर भरले की थांबावी. थांबलीच नाही तर नाक लावा, गळती असेल. टिकटिक आलीच नाही तर पंपाचे पॉइंट, म्हणजे आतले विजेचे संपर्क, चिकटलेत. पंपावर हातोडीच्या दांड्याने हलकी टपली पुरते. विक्रेत्याने ती टपली न बघता नेमक्या जागी मारली, तर किंमत तिथूनच पाडायला घ्या.