तिसऱ्या तासाची साखर

आपल्याकडे साखर मोजायच्या दोनच वेळा ठरलेल्या आहेत. सकाळी उपाशीपोटी, आणि जेवल्यावर दोन तासांनी. फास्टिंग आणि पीपी. दादर असो की डोंबिवली, कुठल्याही लॅबमध्ये जा, हीच जोडी. मधुमेह शोधायला ती बऱ्यापैकी पुरते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याची साखर जेवल्यावर तीन-साडेतीन तासांनी खाली येते, त्याचं काय? त्याचे हे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात. आणि नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या माणसाला, त्यातून बाई असेल तर नक्कीच, एकच निदान मिळतं: टेन्शन.

मलाही तेच मिळालं होतं. दुपारी एकला डबा खायचा. भात, आमटी, पोळ्या, बटाट्याची भाजी. चारच्या सुमारास एसीत बसून घाम फुटायचा, हात थरथरायचे, छातीत धडधड, आणि समोरचा माणूस खाऊन टाकावा अशी भूक. स्क्रीनवरचे आकडे पुसट व्हायचे, सोपी बेरीज चुकायची. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने साधं काही विचारलं तरी मी खेकसायचे. मग चहा यायचा, सोबत दोन-चार बिस्किटं, आणि पंधरा-वीस मिनिटांत जणू काही झालंच नव्हतं. मुंबईच्या ऑफिसांतला चारचा गोड चहा किती जणांचे आजार झाकून ठेवत असेल कोण जाणे!

ईसीजी झाला, थायरॉइड झालं, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, सगळं झालं. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ५.८ आला, त्यावर "बॉर्डरलाइन आहे मॅडम, गोड कमी करा" एवढंच. एका डॉक्टरांनी मन शांत राहायची गोळी लिहून दिली. सासूबाईंचं निदान त्याहून सोपं होतं, "पोटभर जेवत नाहीस तू." मी भात वाढवला. त्रासही वाढला.

टेन्शनचा संशय घेतला म्हणून मी डॉक्टरांवर चिडलेली नाही. साखर खाली जायला लागली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, म्हणजे यकृतातली साठवलेली साखर रक्तात यावी. घाबरल्यावर सुटतं तेही हेच. त्यामुळे घाम, थरथर, धडधड दोन्हीकडे सारखीच. नुसतं ऐकून कुणीही, कितीही अनुभवी असलं तरी, हे वेगळं करू शकत नाही. माझा राग आहे तो तपासून न बघण्यावर. संशय दोन गोष्टींचा होता आणि त्यातली एक रक्तातून कळणारी होती.

शेवटी एका एन्डोक्रिनॉलॉजिस्टांकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे, गेले. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. विचारलं, "किती वाजता होतं? काय खाल्ल्यावर? आणि तेव्हा साखर किती होती?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या जाडजूड फाइलमध्ये कुठेच नव्हतं. ॲलन व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकात तीन अटी सांगून ठेवल्यात, त्या त्यांनी समजावल्या. एक, लक्षणं साखर कमी झाल्याची हवीत. दोन, ती होत असतानाच रक्तातली साखर खरोखर कमी भरायला हवी. तीन, साखर वर आली की लक्षणं जायला हवीत. तिन्ही जुळल्याशिवाय हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर फार खाली जाणं, म्हणायचं नाही. मधुमेह नसलेल्या माणसात ५५ मिलिग्रॅमच्या खालचा आकडा खरा संशय घेण्यासारखा.

मग ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोमीटर आला. सूचना एकच, चहाच्या आधी टोचायचं, नंतर नाही. आणि हात धुऊन! केळं किंवा आंबा खाल्लेल्या बोटातून रक्त काढलं तर मशीन फळाची साखर मोजतं. माझे आकडे साठच्या आगेमागे यायला लागले. मी म्हटलं, सापडलं. डॉक्टर म्हणाले, नाही. चांगल्या मशीनलाही १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे होण्याची मुभा असते. म्हणजे साठ हा पंचेचाळीसही असू शकतो आणि पंचाहत्तरही. मीटरने संशय पक्का होतो, निदान होतं ते शिरेतल्या रक्तावर.

त्या रक्ताचेही नखरे आहेत. नळीत गेल्यावरही रक्तपेशी साखर खातच राहतात. नळी तशीच पडून राहिली तर आकडा आपोआप खाली येतो. म्हणून करड्या टोपणाची, फ्लोराइडवाली नळी लागते आणि ती लवकर लॅबमध्ये पोचावी लागते. भायखळ्यात काढलेलं रक्त बाइकवरून ठाण्याला जाताना दोन सिग्नल जास्त लागले, तर रिपोर्टवर त्याची नोंद नसते.

माझी तपासणी झाली ती जेवण देऊन. ग्लुकोजचं पाणी पाजून पाच तास रक्त काढायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते. पण तेवढं ग्लुकोज एकदम प्यायल्यावर काही धडधाकट माणसांचीही साखर पन्नाशीखाली जाते आणि त्यांना काही होत नाही. अमेरिकेतल्या एन्डोक्राइन सोसायटीने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या दुखण्यासाठी मिश्र जेवणाची चाचणी सांगितली आहे. त्रास होतो तसलंच जेवण द्यायचं आणि पाच तास ठरावीक अंतराने रक्त घ्यायचं. मला हाताला सुई लावून बसवलं. दोन तासांचा आकडा नेहमीसारखा छान आला. तीन तास उलटून गेल्यावर घाम फुटला, नर्सताईंनी लगेच रक्त घेतलं, ते भरलं ४९. मग खायला दिलं आणि सगळं निवळलं. तिन्ही अटी जुळल्या. त्याच नळ्यांमधून इन्शुलिन आणि सी-पेप्टाइडही (शरीर इन्शुलिन बनवताना सोबत तयार होणारा तुकडा) पाहिलं.

माझ्या बाबतीत इन्शुलिन उशिरा येतं आणि आलं की जरा जास्तच येतं. बाबांना मधुमेह, आत्याला मधुमेह. म्हणजे आज खाली पडणारी साखर उद्याच्या चढ्या साखरेची चाहूल असू शकते. पण कारण प्रत्येकाचं हेच नसतं. पोटाचं, विशेषतः वजन कमी करायचं ऑपरेशन झालं होतं का, हे मला विचारलं, कारण त्यानंतर काही वर्षांनी असं होऊ शकतं. सगळ्या गोळ्या, टॉनिकं टेबलावर मांडायला लावली. मुंग्या येतात म्हणून बी-ट्वेल्व्हसोबत सर्रास खाल्लं जाणारं अल्फा लिपोइक ॲसिड क्वचित इन्शुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार करवतं आणि साखर पाडतं. जपानच्या हिराता यांनी १९७० मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं. आणि पहाटे उपाशीपोटी त्रास होतो का, कधी शुद्ध हरपली का, हे तर खोदून विचारलं. तसं असेल तर इन्शुलिन बनवणाऱ्या गाठीचा शोध घ्यावा लागतो, त्यासाठी दवाखान्यात ७२ तासांपर्यंत उपास घडवतात.

आता दुसऱ्या बाजूला. दंडावर दिवसरात्र साखर मोजणारा सेन्सर लावून "माझी रात्री ६२ होते" म्हणत स्वतःचं निदान करणारे हल्ली बरेच भेटतात. त्या कुशीवर झोपलं की सेन्सर दबतो आणि खोटी कमी साखर दाखवतो. अमेरिकेत हे सगळं एकदा होऊन गेलंय. सील हॅरिस या डॉक्टरांनी १९२४ मध्ये जास्तीच्या इन्शुलिनबद्दल लिहिलं. पुढे थकवा, उदासी, कशालाही हायपोग्लायसेमिया म्हणण्याची इतकी साथ आली, की १९७३ मध्ये तिथल्या मोठ्या वैद्यकीय संघटनांना जाहीर निवेदन काढावं लागलं. आकडा न बघता "टेन्शन" म्हणणारे आणि आकडा नीट न बघता "हायपो" म्हणणारे, माझ्या लेखी दोघे सारखेच.

उपचार अगदी साधा निघाला. भात मुठीएवढा, उसळ किंवा अंडी भरपूर, सोबत ताक, आणि तीन वाजता, म्हणजे त्रासाची वाट न बघता, चणे-शेंगदाणे. ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळून पिणं बंद, कारण त्याने साखर चढते आणि तिच्यामागून पुन्हा इन्शुलिन धावतं. पिष्टाचं पचन संथ करणारी अॅकार्बोजसारखी गोळीही असते, मला अजून लागलेली नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मात्र सुटली. सासूबाईंना अजून वाटतं मी नास्तिक झाले.

लॅबवाल्यांना एकच विनंती. चिठ्ठीवर "लक्षणं होताना" असं लिहून आलेल्या माणसाला "आता पीपीची वेळ गेली ताई" म्हणून परत पाठवू नका. मला पाठवलं होतं.

आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनो, हे वाचून थरथरत लॅब शोधत फिरू नका. मीटर हाताशी असेल तर टोचा, नसेल तर तेही राहू द्या. तुम्ही आधी साखर खायची.