पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर आई-बाप होता येत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला जोरात फिरतोय. लग्न नको, प्रेमप्रकरणही नको. मूल हवं असलेल्या दोन मित्रांनी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार करायचा आणि नोटरी करून घ्यायची. मूल दोघांचं, ताबा ठरल्याप्रमाणे, पोटगीची कटकट नाही. ऐकायला छान आहे, पण भारतात हे असं चालत नाही.

आधी ती नोटरी. त्या शिक्क्याने सिद्ध काय होतं? समोर बसून सही तुम्हीच केलीत, एवढंच. आतला मजकूर कायदेशीर आहे, असं नव्हे.

‘मूल दोघांचं’ हे तर मुळातच डळमळीत. 2021च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणा तंत्रज्ञान) कायद्यानुसार एकटी स्त्री (21 ते 50 वयाची) उपचार घेऊ शकते. अविवाहित जोडी ‘दाम्पत्य’ म्हणून नाही. शुक्राणू देणाऱ्या दात्याचे पालकत्वाचे सगळे हक्क कायद्यानेच संपतात. म्हणजे या वाटेने गेलात तर मूल कायद्याने तिचं एकटीचं, मग करारात मित्राला काहीही म्हणा. सरोगसी अविवाहितांना बंदच आहे. दत्तक? एकट्याने घेता येतं (एकट्या पुरुषाला मुलगी मात्र नाही), अविवाहित दोघांना मिळून नाही. तो नियम ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी कायम ठेवला.

पोटगीवर जरा थांबू, कारण फसगत इथेच होते. क्लिनिकची वाट सोडून मित्रापासून मूल झालं, तर तो दाता नाही, बाप आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 औरस-अनौरस भेद न करता मुलाला पोटगी देतं. ‘मी मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं तरी हक्क मुलाचा आहे, आणि मुलाने कुठे सही केलीय?

ताब्याचंही तेच. हिंदू पालकत्व कायद्यात (1956, कलम 6) अविवाहित आईच्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. वडिलांना नोटीस न देताही तिला पालकत्व मागता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं. वाद झालाच तर कोर्ट मुलाचं हित बघतं. तुमचं शनिवार-रविवारचं वेळापत्रक फार तर पुरावा म्हणून वाचलं जाईल.

वारशाबद्दल तर त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही! हिंदू वारसा कायद्यात असं मूल आईशी जोडलेलं असतं. बापाने मृत्युपत्र केलं नाही तर त्याच्याकडून वारसाहक्काने काही मिळत नाही. बँकेत नॉमिनी लावला की झालं, हाही गैरसमजच.

करार फाडून टाका असं मी म्हणत नाही; खर्च कोण करणार, शाळा कोणती, हे लिहिलेलं बरंच. पण वकिलाकडे जाल तेव्हा आधी मृत्युपत्रांचं बोला. अशा मुलाची हिंदू आई आपल्या मृत्युपत्रात पालक नेमू शकते (पालकत्व कायद्याचं कलम 9). जो मित्र जैविक बाप नाही, त्याच्या दृष्टीने हा कागद त्या स्टॅम्प पेपरपेक्षा कितीतरी वजनदार आहे.