‘मुख्याध्यापक मोबाईलमध्ये, शाळा वाऱ्यावर’: त्या पोस्टला उत्तर

‘मुख्याध्यापक मोबाईलमध्ये, शाळा वाऱ्यावर’ अशा मथळ्याची एक पोस्ट सध्या शिक्षकांच्या, पालकांच्या आणि गावोगावच्या ग्रुपवर फिरते आहे. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, ‘पटल्यास पुढे पाठवा’ एवढं आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: मुख्याध्यापकाचं काम शाळा चालवणं, त्याला आता शिकायचं काय उरलंय? ऑनलाइन प्रशिक्षणं म्हणजे धूळफेक. व्हॉट्सअ‍ॅपवरून कुणी काही शिकत नाही. पूर्वी समोरासमोर व्हायचं तेच खरं प्रशिक्षण. आणि उरलेला वेळ गुरुजी शाळेचे फोटो टाकण्यात घालवतात. सगळंच खोटं असतं तर उत्तराच्या भानगडीत पडलो नसतो. पण यातले दोन मुद्दे बऱ्यापैकी खरे आहेत, आणि त्यांच्या आडून बाकीचे खपून जातात.

‘वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला आता काय शिकायचंय?’

वीस वर्षं शिकवलं ते वर्गात. पदभार घेतला की पहिल्याच महिन्यात समोर काय येतं? कॅशबुक, शालार्थ या सरकारी पगारप्रणालीवरची पगारबिलं, यू-डायस म्हणजे दरवर्षी भरायची शाळेची सांख्यिकी माहिती, आधारमधल्या आणि जनरल रजिस्टरमधल्या नावांचा न जुळणारा काना-मात्रा, शाळा व्यवस्थापन समितीची सभा, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब. यातलं डी.एड.ला काय शिकवलं होतं? आणि ही झाली कागदाची कामं, ती एकदा हातात बसली की होतात. खरी कसोटी पुढे. आपल्याहून वयाने मोठ्या सहकाऱ्याला ‘सर, परिपाठाला वेळेवर येत चला’ हे कोणत्या शब्दांत सांगायचं? दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून पाठ पाहायचा आणि नंतर काय बोलायचं, की त्याला ती झडती वाटणार नाही? तिसरीतली निम्मी मुलं वाचत नाहीत हे पालकसभेत सांगायचं की नाही?

हे सगळं ज्याच्या अंगावर येतं तो बहुतेक ठिकाणी पूर्ण वेळ मुख्याध्यापकही नसतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० च्या वर गेला तर मुख्याध्यापक मिळतो, सहावी ते आठवीसाठी १०० च्या वर. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट या आकड्यांच्या जवळपासही फिरकत नाही. तिथे सेवाज्येष्ठ शिक्षकाच्या नावापुढे ‘प्रभारी’ लागतं, आणि तो आपला वर्ग सांभाळून मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक होतो.

पोस्ट लिहिणाऱ्याच्या एक गोष्ट लक्षातच आलेली नाही. शाळेत शिक्षक चार असले तरी मुख्याध्यापक एकच असतो. शिक्षकाला अडलं तर तो शेजारच्या वर्गात डोकावतो. मुख्याध्यापकाने कुठे डोकवायचं? ‘केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारे अधिकारी, आहेत की’ असं कुणी म्हणेल. ही पदं १९९४ मध्ये नेमक्या याच कामासाठी निर्माण झाली, राज्यभरात ४,८६०. त्यातली कित्येक वर्षानुवर्षं रिकामी राहतात, एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा कार्यभार असतो. आणि समजा केंद्रप्रमुख पूर्ण वेळ आहेत, चांगले आहेत. तरी जो माणूस तुमच्या शाळेच्या शेरेबहीत शेरा लिहितो, त्याच्यासमोर ‘साहेब, मला हे जमत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. ‘मलाही जमत नव्हतं’ असं म्हणणारा बरोबरीचा माणूस पुढच्या गावात असतो, कधी पुढच्या जिल्ह्यात. त्याच्यापर्यंत पोहोचायला एसटीपेक्षा फोन सोयीचा पडतो, इतकं ते साधं आहे.

‘शिकायचं काय’ याचं सरकारी उत्तरही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये शिक्षकांप्रमाणेच मुख्याध्यापकांनीही वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा लिहिलेली आहे. त्यासाठी ऑनलाइन व्यासपीठांचा उल्लेखही तिथेच आहे.

‘ऑनलाइन प्रशिक्षण म्हणजे व्हिडिओ पळवा, प्रमाणपत्र काढा’

हा मुद्दा मान्य, जवळजवळ पूर्ण मान्य. ‘निष्ठा’ हे शिक्षक-मुख्याध्यापकांचं देशव्यापी सरकारी प्रशिक्षण २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालं आणि कोविडमुळे ऑक्टोबर २०२० पासून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर आलं. त्यानंतर काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. एका हातात ॲपवर व्हिडिओ चालू, दुसऱ्या हाताने पोळी-भाजी. चाचणीत ७० टक्क्यांची अट, म्हणून अमुक मॉड्यूलची उत्तरं यूट्यूबवर. प्रमाणपत्र आलं की स्टेटसला. शाळा-नेतृत्वावरचं एक मॉड्यूल त्यात होतं आणि मजकूर वाईट नव्हता. ते वाचून आपल्या शाळेत काय बदललं हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

पण हा दोष ऑनलाइनचा कसा? सोमवारी लिंक यायची, बुधवारी तालुक्याची टक्केवारी यायची, आणि ज्या शाळा ‘शून्य टक्के’ त्यांची नावं लाल रंगात. ज्या गोष्टीची टक्केवारी वर जाते ती गोष्ट पूर्ण करण्याकडेच माणसांचा कल राहणार, मग ती ॲपवर असो की सभागृहात. सभागृहातही आम्ही दोन्ही सत्रांच्या सह्या सकाळीच ठोकून दिलेल्या आहेत.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर शुभ सकाळ आणि परिपत्रकं, शिकणं कुठे आहे?’

कोणत्या ग्रुपबद्दल बोलताय ते आधी ठरवू. मुख्याध्यापकाच्या फोनमध्ये दोन जातींचे ग्रुप असतात. पहिला तालुक्याचा. तिथे फक्त वरून खाली येतं: ‘आजच्या आज सादर करावे’, ‘निरंक असल्यास निरंक कळवावे’, ‘विलंबास आपण जबाबदार राहाल’. त्यावर खाली ‘ओके सर’ची रांग. या ग्रुपवर कुणी शिकत नाही हे खरंच आहे, कारण तिथे प्रश्न विचारणं म्हणजे चव्हाट्यावर आपलं अज्ञान मांडणं. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांची घोषणा या माहितीच्या माऱ्यातूनच आली. पोस्ट लिहिणाऱ्याने बहुधा एवढाच ग्रुप पाहिलेला आहे.

दुसरा ग्रुप कुणाच्या आदेशाने निघत नाही. कुठल्या तरी प्रशिक्षणात ओळख झालेली पंधरा-वीस माणसं, वेगवेगळ्या तालुक्यांतली. अशाच एका ग्रुपवरचं उदाहरण देतो. एका वस्तीशाळेच्या प्रभारी बाईंनी रात्री जेवणखाण आटोपल्यावर आवाजी संदेश टाकला. दोनशिक्षकी शाळा, दुसरे गुरुजी बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामात अडकलेले, चारही वर्ग एकट्या त्यांच्यापुढे. पहिलीला वाचायला घेतलं की चौथीची मुलं रिकामी, चौथीला गणित दिलं की पहिली दप्तर आवरून दारात. काय करू?

पहिलं उत्तर अंगठ्याचं. संदेश न ऐकताच दिलेलं असणार. दुसऱ्या एका गुरुजींनी आपल्या टाचणवहीच्या पानाचा फोटो टाकला, त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचं, कोणता वर्ग शिक्षकासमोर आणि कोणता स्वतःच्या बळावर, असं कोष्टक आखलेलं. तिसऱ्यांनी काहीच दिलं नाही, उलट विचारलं: मुलं किती? व्हरांडा आहे का? चौथीत नीट वाचणारी किती? बाईंनी उत्तरं दिली, आणि त्या उत्तरांतूनच ठरलं की चौथीच्या तिघांनी व्हरांड्यात पहिलीचे छोटे गट घ्यायचे, रोज वीस मिनिटं.

काही दिवसांनी बाईंचा पुन्हा संदेश. प्रयोग फसला होता. चौथीच्या मुलांनी हुबेहूब गुरुजींचा अवतार धारण केला: एकाच्या हातात फूटपट्टी, ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. पहिलीतली एक मुलगी रडत घरी गेली. ग्रुपवर आधी हसण्याची लाट आली. मग एका मॅडमनी सुचवलं की मोठ्या मुलांना ‘शिकवा’ असं सांगूच नका, शब्दचिठ्ठ्यांचा डबा द्या. छोट्याने चिठ्ठी काढायची, मोठ्याने वाचायची, मग उलट. शिवाय शाळा भरायच्या आधी त्या तिघांसोबत बाईंनी स्वतः तो खेळ खेळून दाखवायचा. हे चाललं.

यात प्रशिक्षण कुठे होतं? अडचण मांडली, करून पाहिलं, फसलं ते सांगितलं, दुरुस्त केलं. चार दिवसांच्या निवासी शिबिरात हे होत नाही, कारण तिथे करून पाहायला वर्ग नसतो आणि फसलेलं सांगायला पुन्हा कुणी भेटत नाही.

आणखी एक, फारसं कुणी न बोललेलं. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबापांबरोबर मुलंही सांगली-कोल्हापूरकडच्या फडावर जातात. कागदोपत्री शिक्षण हमी कार्ड आहे, म्हणजे मूल जाईल तिथल्या शाळेने त्याला सामावून घ्यायचं. पण कार्ड दप्तरात राहतं नाही तर बैलगाडीत हरवतं. मूळ गावच्या मुख्याध्यापकाने फडाजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला ‘ही चार मुलं तुमच्याकडे येतायत, यातल्या दोघांना जोडाक्षरं येत नाहीत’ असं फोनवर कळवलं की काम होतं. आणि मधेच आलेलं मूल वर्गात कसं बसवायचं, त्याला ‘पाहुणा’ म्हणून मागे न ठेवता काय द्यायचं, हे तिकडच्या शाळा दर हंगामात करत असतात. ते त्यांच्याकडूनच कळतं, कुठल्याही मॉड्यूलमध्ये मला सापडलेलं नाही.

शुभ सकाळ, गुलाबाची फुलं, सेवानिवृत्तीचे हार? आहेत. वैताग येतो. ग्रुप चालवणाऱ्याने रागवावं लागतं.

‘समोरासमोर व्हायचं तेच खरं’

आठवणी गोड असतात. प्रत्यक्षात राज्यावर तज्ज्ञांनी जे सांगितलं ते जिल्ह्याच्या सुलभकाकडे (प्रशिक्षण देणाऱ्याकडे), तिथून तालुक्याला, तिथून केंद्रावर, असं झिरपत यायचं. चौथ्या पायरीवर समोर उभ्या माणसाने ते स्वतः शाळेत केलेलं असेलच असं नाही. हातात पीपीटीची झेरॉक्स, दुपारी जेवण, साडेचारला प्रवासभत्त्याच्या फॉर्मवर सही. मासिक शिक्षण परिषदेचंही अनेक ठिकाणी सूचनावाचन झालेलं आहे. ज्या सूचना सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या असतात त्याच तिथे मोठ्याने वाचल्या जातात.

प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही, हे मात्र मीही म्हणतो. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा एक गट, आठवा. तिथल्या शाळांतल्या ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या, पद्धतीच्या कामाचे फोटो आणि व्हिडिओ शिक्षकांच्या फोनवर फिरले, कुतूहल वाढलं, आणि राज्यभरातून शिक्षक-मुख्याध्यापक गाड्या करून बघायला गेले. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला त्या दिवसांतली ही गोष्ट. म्हणजे फोनने भेट मारली नाही, भेट घडवली. आणि भेटीने तरी सगळ्यांना शिकवलं का? खूप जण परत आले आणि त्यांनी फरशा रंगवल्या. अक्षरांचे गोल, अंकांच्या शिड्या, अगदी कुमठ्यासारख्या. त्यावर मूल काय करतं हे ज्यांनी तिथे बसून पाहिलं त्यांच्या शाळा बदलल्या, बाकीच्या फरशांचा रंग पुढच्या जूनपर्यंत उडाला. डोळ्यांनी पाहूनही नक्कलच हाती लागू शकते. मग सगळं खापर मोबाईलवर का?

‘शाळेचे फोटो टाकण्याची हौस’

हा दुसरा खरा मुद्दा, आणि पोस्टने तो फार मवाळपणे मांडलाय. मुलांचे चेहरे, नावं, कधी ‘अनाथ’, ‘गरीब’ अशा ओळींसह गणवेशवाटपाचे फोटो फेसबुकवर टाकणं हे कुठल्याही शैक्षणिक देवाणघेवाणीत बसत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्या मुख्याध्यापकाला माझ्या शाळेतून काही शिकायचं असेल तर त्याला फळा, वही, वेळापत्रक, बैठकव्यवस्था दिसायला हवी. मुलांना ओळीत उभं करून काढलेल्या फोटोतून त्याला काही कळत नाही. हे थांबवायलाच हवं, आणि मुख्याध्यापकांनीच थांबवायला हवं.

पोस्टच्या शेवटी ठळक अक्षरांत मागणी आहे: शाळेच्या वेळेत मुख्याध्यापकांचे मोबाईल जमा करून घ्यावेत. माझी काही हरकत नाही. शालेय पोषण आहाराची रोजची लाभार्थी संख्या ॲपवर जाते, हजेरी ॲपवर जाते, ‘आजच्या आज’वाली माहिती दुपारच्या आत लिंकवर जाते, आणि हे सगळं मुख्याध्यापकाच्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवरून, त्याच्याच रिचार्जवर होतं. फोन जमा करताना ही कामं ज्या साहेबांना हवी आहेत त्यांच्याकडून ‘फोनविना चालेल’ असं लेखी आणावं, त्या दिवशी सगळ्यात आधी फोन मी देतो. दुसरा ग्रुप तर आमचा तसाही रात्री नऊनंतरच चालतो.