कराचीची रिकामी शेड आणि आमचा डॉक्टर

रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. राजकारणावरून नाही, क्रिकेटवरूनही नाही, 'डॉक्टर हू'वरून. हसा खुशाल. शेजारी बसलेले दोन आजोबाही हसत होते.

आम्ही पाच जण आहोत. महिन्यातून एकदा भेटतो, चहा पितो आणि एका परग्रहवासी माणसाबद्दल तावातावाने बोलतो. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बीबीसीची ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौमध्ये जन्मलेले. डॉक्टर म्हणजे निळ्या पोलीस बॉक्समधून काळात हिंडणारा एक प्राणी, मरायला टेकला की त्याला नवं शरीर, नवा चेहरा मिळतो, म्हणून नट बदलत राहतात. १९८९मध्ये मालिका बंद पडली, १९९६मध्ये एक टीव्हीपट येऊन गेला, आणि २००५मध्ये ती परत सुरू झाली. मधल्या काळात, १९९९पासून, बिग फिनिश नावाच्या ब्रिटिश कंपनीने जुन्याच नटांना घेऊन ऑडिओ नाटकं काढायला सुरुवात केली. ती आजतागायत चालू आहेत. शेकडो झाली असतील.

भांडण या ऑडिओंवरून. आमच्यातला बँकवाला म्हणतो, टीव्हीवर दिसलं तेच खरं, बाकी सगळा फावल्या वेळचा उद्योग. हे म्हणजे लग्नाच्या अल्बममध्ये मामा दिसत नाही म्हणून मामा लग्नाला आलाच नव्हता, असं म्हणण्यासारखं आहे. मामा जेवून गेलाय. आहेरही दिलाय.

आणि टीव्हीवर दिसलं म्हणजे नक्की काय? साठच्या दशकातल्या या मालिकेच्या कितीतरी टेप बीबीसीने स्वतःच्या हाताने पुसल्या. टेप महाग, पुन्हा वापरायच्या, पुन्हा दाखवणार कोण, असा हिशोब. नव्वदच्या वर भागांचं चित्र अनेक दशकं सापडत नव्हतं. पण आवाज? आवाज एकूण एक भागाचा शिल्लक आहे. कारण तेव्हाची शाळकरी पोरं टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून, घरच्यांना गप्प बसवून, रेकॉर्डिंग करत होती. म्हणजे बँकवाल्याच्या नियमाने जे 'खरं', त्याचाच मोठा तुकडा आज फक्त ऐकता येतो. हे सांगितल्यावर त्याने विषय बदलून भेळ मागवली.

तसंही ही मालिका पहिल्या दिवसापासून कानावरच उभी आहे. तो निळा डबा उडताना जो घरघरत, श्वास लागल्यासारखा आवाज येतो, तो बीबीसीच्या ब्रायन हॉजसनने जुन्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली खरवडून काढला होता. पडद्यावरच्या साठच्या दशकातल्या राक्षसांकडे आज बघवत नाही. किल्लीचा आवाज मात्र अजून अंगावर काटा आणतो.

आणि आपण मुंबईच्या माणसांनी ऑडिओला नाकं मुरडावीत? आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागलं की आमच्या चाळीत एका रेडिओवर तीन बिऱ्हाडं ऐकायची, असं आई सांगते. टेकाडे भावजी आणि मीनावहिनी दिसतात कशा हे कुणी विचारलं नाही. ते होतेच. रेडिओवरच्या नाटकाला आपल्याकडे 'नभोनाट्य' म्हणतात. काळात आणि आकाशात भटकणाऱ्या माणसासाठी याहून चपखल शब्द इंग्रजांकडेही नाही.

माझा स्वतःचा प्रवेश लोकलमधून झाला. गोरेगाव ते दादर, स्लो लोकल, चौथी सीट मिळाली तर नशीब. त्या गर्दीत मोबाइल डोळ्यांसमोर धरायलाही जागा नसते, पण कान मोकळे असतात. एक भाग साधारण पंचवीस-तीस मिनिटांचा. माटुंगा रोड गेलं की भागाच्या शेवटची ती किंचाळी यायची, आणि मी पुढे काय झालं या विचारात चुकीच्या बाजूच्या दरवाजाकडे सरकायचे.

मी पहिल्यांदा ऐकलं ते 'स्टॉर्म वॉर्निंग', २००१ सालचं. डॉक्टर आहे पॉल मॅकगॅन. हा बिचारा १९९६च्या त्या एकाच टीव्हीपटात दिसला आणि पडद्यावरून गायब झाला. गोष्ट घडते आर-१०१ या ब्रिटिश एअरशिपवर. ही एअरशिप खरी. ४ ऑक्टोबर १९३०ला संध्याकाळी ती इंग्लंडमधून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रान्समध्ये बोवेजवळ कोसळून जळाली. ५४पैकी ४८ माणसं गेली. नाटकात तिच्यावर चार्ली पोलार्ड नावाची एक मुलगी पोऱ्याचा वेश करून चोरून चढलेली असते. इतिहासाप्रमाणे तिने मरायला हवं. डॉक्टर तिला वाचवतो आणि पुढची कितीतरी नाटकं त्याचं व्याज फेडत राहतो.

आता ती एअरशिप चालली कुठे होती? कराचीला.

मी सांताक्रूझच्या आसपास होते. कानातून इयरफोन काढला, परत घातला. माझी आजी कराचीत वाढली. पणजोबा तिथे नोकरीला होते, कारण कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा झाला १९३६मध्ये. आजी आम्हाला तिथल्या उंटगाड्या सांगायची, समुद्र सांगायची, आणि एक अवाढव्य रिकामी शेड सांगायची. गावाबाहेर, डोंगराएवढी, आत काहीच नाही. कशासाठी बांधली होती गं, विचारलं की म्हणायची, "काय की बाई, साहेबाचं काहीतरी यायचं होतं, आलंच नाही." आम्हाला वाटायचं, आजी रचून सांगते.

ती शेड आर-१०१साठी होती. कराचीला एअरशिप येणार म्हणून आधीच बांधून ठेवलेली. इंग्रजांच्या एका ऑडिओ नाटकाने, तेही कुणाला 'खरं' न वाटणाऱ्या, माझ्या आजीची गोष्ट खरी ठरवली. आजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत हाक मारली की घुमायची का, हे तिला विचारायचं राहिलं.

म्हणून या बाबतीत मी तटस्थ वगैरे नाही, हे आधीच कबूल करते.

पण मला आमच्यातल्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशीही भांडायचंय. आमचा तो मित्र निघालेलं प्रत्येक ऑडिओ ऐकतो, क्रमाने ऐकतो आणि वहीत टिपण ठेवतो. त्याला सगळंच थोर वाटतं. मला नाही वाटत. गेल्या दहा-बारा वर्षांत तिथे फटी बुजवायचा कारखाना झालाय. टीव्हीवर दोन मिनिटं दिसलेल्या माणसाचा स्वतंत्र संच. अमक्या आणि तमक्या भागाच्या मधल्या मंगळवारी डॉक्टर काय करत होता, त्याचा संच. टीव्हीवर नंतरच्या डॉक्टरांच्या आयुष्यात आलेल्या रिव्हर साँगला जुन्या डॉक्टरांना भेटवायचं आणि मग त्यांना ती आठवता कामा नये म्हणून कसरती करायच्या. पाहुणे जमले की प्रत्येकाची प्रत्येकाशी ओळख करून देणाऱ्या काकूंसारखं चाललंय. पौंडातली किंमत रुपयांत करून बघितली की आणखीच जीवावर येतं.

ऑडिओने खरी कमाल केली ती कॉलिन बेकरच्या बाबतीत. सहावा डॉक्टर. टीव्हीवर आल्या आल्या पहिल्याच कथेत आपल्याच सोबतिणीचा गळा दाबतो, अंगात गोधडीचे तुकडे जोडून शिवल्यासारखा कोट, तोंडाने सतत चिडचिड. मालिका अठरा महिने थांबवली गेली, आणि १९८६मध्ये त्याला काढून टाकलं. पडद्यावर त्या माणसाला वेळच मिळाला नाही. ऑडिओत आधी तो कोट दिसेनासा झाला, हे अर्धं काम. उरलेलं अर्धं केलं एव्हलिन स्माइथने. डॉक्टरची सोबतीण म्हणजे तरणीताठी, घोटा मुरगळून ओरडणारी, ही टीव्हीची रीत. एव्हलिन ५५ वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका, अंगात स्वेटर, चॉकलेट केकवर जीव. ती डॉक्टरला सरळ दटावते. मॅगी स्टेबल्स या नटीने तिला असा आवाज दिलाय की आपल्याला शाळेत अशी एक बाई होती असं वाटावं. हळूहळू तो आढ्यताखोर डॉक्टर तिच्यापुढे मवाळ होत जातो. कसलीही फट बुजवायची नव्हती तिथे. एक माणूस नव्याने घडवला.

या दोघांचं 'जुबिली' ऐका, रॉबर्ट शियरमनचं, २००३चं. लंडनच्या टॉवरमध्ये शंभर वर्षं कोंडून छळलेला एकटा डालेक, आणि त्याच्याशी बोलणारी एव्हलिन. डालेक म्हणजे या मालिकेतला सगळ्यात क्रूर शत्रू, आणि इथे बराच वेळ कुणाची जास्त भीती वाटावी तेच कळत नाही. २००५मध्ये मालिका परत आली तेव्हा शियरमननेच यावरून टीव्हीसाठी 'डालेक' हा भाग लिहिला. बँकवाल्याचा हा सगळ्यात आवडता भाग आहे. त्याला माहीत नव्हतं. रविवारी त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि २०१३! मालिकेच्या पन्नाशीला 'द नाइट ऑफ द डॉक्टर' हा सात मिनिटांचा छोटा भाग आला. सतरा वर्षांनी मॅकगॅन पडद्यावर, आणि मरण्यापूर्वी तो आपल्या सोबत्यांची नावं घेतो, चार्लीपासून सुरुवात करून. सगळी ऑडिओतलीच माणसं. मी ऑफिसच्या पँट्रीत ओरडले होते. चहावाल्याने विचारलं, मॅडम, चटका बसला का?

सध्या पडद्यावर पुन्हा सुकाळ नाहीच. मे २०२५मध्ये तेव्हाचा डॉक्टर शुटी गटवा मालिकेतून गेला आणि त्याच्या जागी २००५च्या सोबतिणीचा, बिली पायपरचा, चेहरा दाखवून पडदा पाडला. त्याच वर्षी मालिकेतल्या भागीदार डिस्नेने हात काढून घेतला. २०२६च्या नाताळला विशेष भाग करू, असं बीबीसीने जाहीर केलं. आमच्या पाचांतल्या कॉलेजकुमाराला याचं फार टेन्शन आलंय. "ताई, बंद पडली तर?" मी म्हटलं, बाळा, आम्ही १९८९ नंतरचे आहोत. मालिका बंद असण्यात आमची मास्टरकी आहे. तो हसला नाही. मग त्याला 'स्टॉर्म वॉर्निंग' दिलं. कराचीचं आधी सांगितलं नाही.

बँकवाल्यानेही परवा गुपचूप 'जुबिली' डाउनलोड केलंय. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: ती बाई केकबद्दल फार बोलते, आणि दुसरा भाग संपलाय, तिसरा आत्ताच ऐकू की उद्या ट्रेनमध्ये?