सोवळ्यातली गाडी

आमच्या घरातलं सोवळं आजीबरोबर गेलं आणि जर्मन गाडीबरोबर परत आलं. आजीचं निदान स्वयंपाकघरापुरतं होतं. हिचं इंजिनात आहे, गिअरबॉक्सात आहे, चाकाच्या बोल्टात आहे आणि पेट्रोलच्या टाकीतही आहे. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहून ते पाळायचं म्हणजे सकाळच्या कर्जत फास्टमध्ये लोंबकळत संध्या करण्यापैकी आहे.

गाडीचा परिचय थोडक्यात: दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरची डीएसजी (म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअरपेटी), दारं दोन, पासिंग एमएच ०४, आणि अर्थातच सेकंड हँड. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, एक पाय आधी टाकून, देवाचं नाव घेऊन शिरावं लागतं. मावशी एकदा मागे बसली की वाशी येईपर्यंत हूं की चूं करत नाही. तिला गाडी आवडली, असा माझा बरेच दिवस समज होता.

तेलापासून सुरुवात करू. 'फाइव्ह डब्ल्यू फॉर्टी, फुल सिंथेटिक' एवढं ऐकलं की दुकानदार डबा काढून पुढची बाजू दाखवतो. आपण मागची वाचायची. पुढे नाव असतं, गोत्र मागे असतं. फोक्सवॅगन-ऑडीचं ५०२ ०० किंवा ५०४ ००, मर्सिडीजचं २२९.५, बीएमडब्ल्यूचं लाँगलाइफ-०४. हा आकडा 'अप्रूव्ह्ड' या शब्दाखाली छापलेला हवा. 'या गाड्यांसाठी योग्य' असं मोघम लिहिलेलं असेल तर ते वधू-वर जाहिरातीतल्या 'अनुरूप'सारखं समजावं, म्हणजे ज्याचं त्यानंच ठरवलेलं.

तेल कधी बदलायचं, यावर पुस्तक १५,००० किलोमीटर म्हणतं. पुस्तक लिहिणारा कापूरबावडीच्या सिग्नलला उभा राहिलेला नाही. आपला सरासरी वेग ताशी १५ धरा. ७,५०० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ५०० तास झाले. तेवढ्या तासांत ऑटोबानवरची गाडी ताशी १२०ने ६०,००० किलोमीटर गेली असती. तेलाला अंतर कळत नाही, त्याला तास आणि उष्णता कळते. म्हणून ७,५०० किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

आता ड्रेन बोल्ट. तो १९च्या पान्यानं खोलायचा, तेल निथळू द्यायचं आणि नवीन बोल्ट ३० न्यूटन मीटरला आवळायचा. (न्यूटन मीटर हे टॉर्कचं, म्हणजे पिळायच्या जोराचं माप.) नवीन का? कारण जुन्याचं वॉशर एकदा दाबलं गेलेलं आहे. तो उष्टा झाला. खालची चेंबर, म्हणजे तेल साठवणारं भांडं, बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते. 'अजून थोडा' म्हणत आवळला की आटे जातात आणि अख्खी चेंबर बदलावी लागते. सबफ्रेमच्या, म्हणजे गाडीखालच्या सांगाड्याच्या, बोल्टांचं सोवळं तर आणखी कडक. त्यांना ७० न्यूटन मीटर अधिक ९० अंश असा हिशोब असतो. त्या शेवटच्या पाव फेऱ्यात बोल्ट मुद्दाम ताणला जातो, चड्डीच्या नाडीतल्या इलॅस्टिकसारखा. दुसऱ्यांदा वापरला तर तो धरल्यासारखं करतो, पण धरत नाही. इलॅस्टिकचा अनुभव सगळ्यांना असल्यामुळे जास्त खोलात जात नाही.

वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात हे सांगणं ही एक वेगळी साधना आहे. 'साहेब, वीस वर्षं हाताच्या अंदाजानं आवळतोय,' हे वाक्य ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि डिकीतून स्वतःचा टॉर्क रेंच काढून द्यायचा. सोबत बारा टोकांच्या बिटांचा डबा न्यायचा. बोल्टाचं डोकं वरवर पाहता टॉर्क्ससारखं दिसतं, पण टॉर्क्सला सहा टोकं आणि याला बारा. चुकीचा बिट ठोकून बसवला की डोकं गोल होतं, आणि मग ते वेल्डिंगच्या दारात जातं. काम झाल्यावर टॉर्क रेंचची स्प्रिंग सैल करून, सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची. आणि तो कुणालाही नट सोडवायला द्यायचा नाही. आजी लोणच्याच्या बरणीला कुणाला हात लावू देत नसे, तेच धोरण.

पण खरा सोहळा डीएसजीच्या तेलाचा. ६०,००० किलोमीटरला एकदा, ओल्या क्लचच्या सहा गिअरवाल्या पेटीत. गिअरबॉक्सच्या बुडाला १४च्या ॲलन कीचा बोल्ट असतो. तो काढला की थोडंसं तेल येतं आणि थांबतं. इथे नवशिका म्हणतो, 'झालं रिकामं.' झालेलं नसतं. आत प्लास्टिकची एक उभी नळी असते. ती ८च्या ॲलननं काढली की खरं तेल यायला लागतं. वरचा फिल्टर बदलायचा, नळी परत बसवायची. तिला टॉर्क फक्त ३ न्यूटन मीटर, म्हणजे मुलीच्या वॉटरबॅगचं झाकण लावतो तेवढाच. मिस्त्रीच्या मनगटात एवढा लहान आकडाच नसतो. मग साधारण पाच लिटर नवं तेल भरायचं, इंजिन चालू करायचं, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये क्षणभर थांबत पार्कवर परत यायचं आणि स्कॅनर लावून तेलाचं तापमान बघत बसायचं. ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये, इंजिन चालू ठेवून, गाडी चारही बाजूंनी सपाट असताना खालचा बोल्ट उघडायचा. नळीच्या उंचीच्या वरचं तेल आपोआप वाहून जातं. धार तुटून थेंब सुरू झाले की बोल्ट लावायचा, ४५ न्यूटन मीटर.

तापमानाचा एवढा बडेजाव कशाला? तेल गार असताना आक्रसलेलं असतं. तेव्हा पातळी लावली तर नंतर तापून ते जास्त होतं आणि फेसाळतं. फार गरम असताना लावली तर फुगलेलं तेल वाहून जातं आणि गार झाल्यावर पेटीत कमी उरतं. मग क्लच आणि मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा पेटीतला मेंदू, दोघंही उपाशी. जर्मनीत ३५ अंश यायला वाट पाहावी लागत असेल. आमच्याकडे मे महिन्यात डब्यातलं तेलच ३३वर येऊन बसलेलं असतं. माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून गाडी आणली असेल तर गिअरबॉक्स ऐंशीच्या पुढे, त्यामुळे ती आदल्या रात्रीच गॅरेजात ठेवायची. सकाळी इंजिन सुरू केलं की मुहूर्त हां हां म्हणता निघून जातो. स्कॅनरवर आकडा वाचणारा एक, खाली बोल्ट धरून झोपलेला एक, ट्रे धरणारा एक आणि नुसता बघायला आलेला शेजारच्या गाळ्यातला एक. 'चौतीस... चौतीस... पस्तीस!' एवढ्यात अक्षता तेवढ्या टाकायच्या राहतात.

सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी असेल तर हे कार्य नाही, पण तिचं वेगळं दुखणं आहे. ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट सोडून फूट-फूट सरकत राहिलं की क्लच घासत राहतो, आणि तिथे त्याला गार करायला तेल नाही. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग एकदम जायचं. अर्थात पातलीपाड्याला दोन गाड्यांची जागा सोडली की तिथे तीन रिक्षा येतात.

कूलंटबद्दल एवढंच, की जांभळ्यात हिरवं मिसळायचं नाही आणि नळाचं पाणी वर्ज्य. डिस्टिल्ड वॉटर, अर्धं-अर्धं. वॉटर पंपाच्या प्लास्टिकच्या घरावर गुलाबी खपली दिसली की पाझर सुरू झालाय असं समजावं. तो पंप एका छोट्या दातेरी पट्ट्यावर चालतो आणि त्या पुलीचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो. 'निघत नाही, जोर लाव' असं दोघांनी मिळून म्हटलं की तुटतो.

रस्त्याचा विषय मुद्दाम टाळत होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असावा. म्हणजे चांगला ऐसपैस, लोळायला येईल असा. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर दहा सेंटिमीटरची अट पाळलेली असते, निदान कमीत कमी म्हणून; लांबीच्या बाबतीत मात्र काटकसर. उपाय एकच: बुद्धिबळातल्या उंटासारखं तिरकं जायचं, एका वेळी एक चाक. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवतो, डावीकडून आलेल्या बाइकवाल्याला वाटतं आपण वळतोय, आणि समोरचे काका थांबून गाडी बिघडली का विचारतात. तिघांकडेही बघायचं नाही. गाडीच्या पुढच्या बंपरचा खालचा ओठ जपायचा.

टायर २२५/४० आर १८. त्यातला ४० म्हणजे रुंदीच्या ४० टक्के उंची, एकूण ९० मिलिमीटर रबर. मेट्रोच्या खांबाशेजारचा पावसाळी खड्डा आणि अलॉय यांच्यात मध्यस्थ म्हणून एवढंच. हवा कमी असेल तर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायरची बाजू चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला पंक्चरवाला 'चालेल अजून' म्हणतो. चालत नाही. तो फुटतो, आणि फुटायला नेमका एक्स्प्रेसवेच निवडतो. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला थंड टायरची हवा बघायची, दाराच्या चौकटीवरच्या आकड्यापेक्षा दोन पीएसआय वर ठेवायची आणि खड्ड्यात चाक पडायच्या क्षणी ब्रेक सोडून द्यायचा, कारण ब्रेक दाबलेला असताना पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते. हे वाचायला सोपं आहे.

कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश बदलताना एक गोष्ट नव्वद टक्के ठिकाणी चुकते, हा माझा आकडा आहे, शास्त्राचा नाही. गाडी लिफ्टवर चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि वर्षाच्या आत फाटतं. बोल्ट आधी हातानं लावायचे, गाडीचं वजन चाकांवर द्यायचं, मग शेवटचा टॉर्क.

पेट्रोलपाशी मात्र सोवळं पुरतं बुडालं. टाकीच्या झाकणाआड ९५ ऑक्टेन, जमल्यास ९८, असं लिहिलेलं आणि साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१चं होतं. ऑक्टेन कमी पडलं की पेट्रोल स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच आपलं आपण भडकू पाहतं. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्कचं टायमिंग मागे घेतो. गाडी बंद पडत नाही, नुसती रुसते. ताकद कमी, तापमान जास्त. आता त्यात वीस टक्के इथेनॉल. ऑक्टेन वाढलं, सोवळं गेलं. आजीनं ज्या बाटलीचं नावही घेतलं नसतं ती आता पाचात एक या प्रमाणात रोज पोटात जातेय. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सीलं तपासत राहायची, आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवायची, म्हणजे मोकळ्या जागेतला ओलावा त्यात उतरत नाही. १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, लिटरला दीडशेच्या पुढे. ते टाकताना पंपावरचा पोरगा दोनदा विचारतो, 'साहेब, हेच ना?' तिसऱ्यांदा आपणच स्वतःला विचारतो.

आता शर्यत. पाम बीच रोड सरळ आहे, रुंद आहे, समोर खाडी आहे, आणि तिथे ताशी साठची मर्यादा आहे. रात्री तिथे आवाज काढणाऱ्यांना मी रेसर म्हणत नाही. गाडी पळवायची तर ट्रॅकवर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे, नोएडाकडे ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध. ठाण्याहून चेन्नईचा ट्रॅक साधारण तेराशे किलोमीटर, म्हणजे पंचवीस-तीस फेऱ्यांसाठी जाऊन-येऊन सव्वीसशे. पंढरीची वारी याहून जवळ आहे.

जाण्याआधी ब्रेक फ्लुइड नवीन हवं. ते हवेतला ओलावा पितं. डॉट ४ प्रतीच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओलावा प्यायल्यावर किमान १५५. तीन फेऱ्या जोरात मारल्या की कॅलिपरमध्ये ते उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पॅडल थेट तळाला जातं. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, हे आठवीत शिकवलं होतं. उपयोग चौथ्या वळणावर कळतो. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक हवेत. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला, गार असताना, एकाआड एक आवळायचे. टायर तापले की हवा पाच-सहा पीएसआयनं चढते, त्यामुळे थंड असताना कमी ठेवून पहिल्या फेऱ्यांनंतर गरम टायरवर नेमकी करायची. डिकीतलं सगळं बाहेर काढायचं, मावशीनं प्रवासासाठी दिलेल्या चिवड्यासकट. शेवटची फेरी ब्रेक न लावता हळू मारायची. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून डाग पडतो आणि मग घरी येईपर्यंत ब्रेक लावला की गाडी थरथरते. पहिला गिअर किंवा पार्क, आणि चाकाखाली दगड. दगड मात्र कुठलाही चालतो. संपूर्ण गाडीत सोवळं नसलेला सुटा भाग तेवढा एकच.

गंमत म्हणजे ट्रॅकवर गाडीला काही होत नाही. १८०च्या वेगात रेडिएटरमधून वारा भणाणून जातो, इंटरकूलर गार राहतो. ती तापते ती कासारवडवलीला. वारा नाही, समोर बसचा सायलेन्सर, टर्बो तापलेला, आणि सगळा भार एकट्या पंख्यावर. म्हणून सोसायटीत गाडी बंद केली तरी पंखा चालू राहतो आणि टर्बोला कूलंट पोचवणारा छोटा पंपही घरघरत असतो. पाच मिनिटं, कधी दहा. त्यात काही बिघाड नाही, आणि त्या वेळात बॅटरीचा टर्मिनल अजिबात काढायचा नाही.

आमचे वॉचमनकाका मात्र दर वेळी येतात.

'साहेब, गाडी चालूच राहिली.'

'बंद आहे काका. तिचा जप चाललाय.'

काका बॉनेटकडे बघतात, मग मागे अडकलेल्या गाडीकडे, मग घड्याळाकडे.

'आटोपला की चावी द्या. तीनशे चारच्या जोशींना दूध आणायला जायचंय.'